सगळ्यांत जवळचं दार

माझे वडील देशाच्या पापांसाठी फार सुंदर प्रार्थना करत. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा झाला की गूळ-शेंगदाण्याचा खाऊ मुठीत घेऊन आम्ही पोरं तशीच प्रार्थनाघरात यायचो, आणि बाबा पांढरा सदरा घालून, डोळे मिटून, दोन्ही हात पुढे धरून उभे राहायचे. लाचखोरीबद्दल क्षमा कर. गरिबाच्या तोंडचा घास काढणाऱ्यांना क्षमा कर. खोट्या शपथा वाहणाऱ्या पुढाऱ्यांना, दारूवर मत विकत घेणाऱ्यांना, विधवेचं शेत लाटणाऱ्यांना क्षमा कर. तुझा कोप या भूमीवर येऊ देऊ नकोस. त्यांचा आवाज दिल्लीपासून सुरू व्हायचा, मुंबईला यायचा, तालुक्याच्या कचेरीपाशी घोटाळायचा आणि आमच्या नाल्याच्या पलीकडेच थांबायचा. आम्हाला ते ऐकायला आवडायचं. दुसऱ्याच्या घरावर पाऊस पडताना आपण ओसरीत बसून पाहावं, तसं वाटायचं. हे मला आज म्हणता येतं. तेव्हा एवढंच कळायचं की आपले बाबा फार मोठे आहेत आणि देव त्यांचं ऐकतो.

आमचं गाव शहाद्याच्या वरच्या अंगाला, जिथे काळी सपाट जमीन संपते आणि सातपुड्याची पहिली टेकडी सुरू होते तिथे. आम्ही मूळचे नवापूरकडचे. बाबांना मंडळीने इथे पाळक म्हणून पाठवलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते. गावात भिलोरी बोलत, बाजारात अहिराणी, घरात आम्ही आमची मावची बोलायचो आणि बाबा उपदेश करायचे मराठीत. त्यामुळे मला लहानपणी वाटायचं की देवाला मराठीच येते. प्रार्थनाघर गावाच्या वरच्या टोकाला होतं. कुडाच्या भिंती, वर पत्रा, पुढे आंब्याच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. रविवारी बाबा त्यावर लोखंडी खिळ्याने ठोके देत आणि तो आवाज टेकडीवर आपटून परत यायचा. प्रार्थनाघराला लागूनच आमचं घर. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरीच्या थापण्याने. दादर ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, आणि घरात काहीच नसलं तर लाल मिरची, लसूण, मीठ खलबत्त्यात कुटून त्यावर तेलाची धार. त्या मिरचीने नाकातून पाणी यायचं, पण भाकरी आणखी अर्धी जायची.

खेमीबाई आमच्या घरातलीच होती असं म्हटलं तरी चालेल. तोरणमाळच्या बाजूची, लग्न होऊन या गावात आलेली, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती. माझा धाकटा भाऊ पायाळू होता. दोन दिवस आई अडली होती, आणि खेमीबाईने तिला सोडवलं. उन्हाळ्यात ती आमच्या अंगणात कैऱ्या सोलायला बसायची. आमचूर करायचं असे. पातळ फोडी गवताच्या तट्ट्यावर पसरलेल्या, सगळं अंगण आंबट वासाने भरलेलं, आणि ती एकीकडे सुरी चालवत दुसरीकडे मला तिच्या माहेरच्या गोष्टी सांगत असायची. तिथे म्हणे उन्हाळ्यातही पहाटे गोधडी लागते. बोलताना ती मध्येच एखादी फोड मीठ लावून माझ्या तोंडात घालायची आणि माझं तोंड वाकडं झालं की पदर तोंडावर घेऊन हसायची.

रविवारी खेमीबाई उपासनेला यायची, पण आत बसायची नाही. उंबऱ्यावर, एक पाय आत आणि एक पाय बाहेर. बाप्तिस्मा घेतला नव्हता. बाबांनी किती वेळा विचारलं असेल. ती म्हणायची, "बाबा, माझे डोंगरातले देव रागावले तर माझ्या भावाच्या पोरांना त्रास होईल. मी इथूनच ऐकते. तुमच्या देवाला इथपर्यंत ऐकू येत असेलच ना?" बाबा हसायचे. मंडळीतले वडीलधारे मात्र हसायचे नाहीत. त्यांतले मुख्य जालमदादा. बाप्तिस्म्यात त्यांचं नाव याकोब ठेवलं होतं, पण सगळे जालमदादाच म्हणत. गावात पहिला बाप्तिस्मा त्यांचा, बाबा यायच्याही आधीचा. प्रार्थनाघराचा पत्रा त्यांनी स्वतः बैलगाडीतून आणला होता. माणूस शब्दाचा पक्का, रागाचाही पक्का.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता गोवर आला. आधी खालच्या पाड्यात, मग आमच्याकडे. घराघरातून पोरं लाल होऊन पडली. नाल्याला पाणी होतं, रस्ता तुटलेला. तालुक्याहून एक नर्सबाई कमरेएवढ्या पाण्यातून दोनदा आल्या, शहाद्याकडच्या होत्या, त्यांच्याबरोबर खेमीबाई घरोघर फिरली. मला त्या बाईंचं बोलणं आठवतं, "पोऱ्यास्ले गोवर शे. डाकीण-बिकीण काही नही. त्यास्ले दवाखानामा लई चला, माय, नही तं हातमाईन जातीन." काहींनी नेलं. बहुतेकांनी नेलं नाही. एका आठवड्यात चार पोरं गेली. चौथी जालमदादांची नात, सुमी. ती माझ्या भावाबरोबर खेळायची; तिच्या डोक्यावर कायम कुणाची तरी जुनी टोपी असायची.

सुमीला पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार. प्रार्थनाघर गच्च भरलं होतं. बाप्तिस्मा न घेतलेलेही आले होते, कारण भ्यालेला माणूस कुठल्याही दाराशी जातो. बाबांनी त्या दिवशी जो उपदेश केला तो मी आयुष्यभर विसरू शकले नाही. त्यांनी जुन्या करारातली गोष्ट घेतली. देवाच्या लोकांनी एक शहर जिंकलं, पण एका माणसाने मना केलेला माल चोरून आपल्या तंबूत जमिनीखाली पुरला. त्या एकाच्या पापाने सगळ्या राष्ट्रावर कोप झाला, पुढच्या लढाईत माणसं मेली. मग चिठ्ठ्या टाकून वंशातून कूळ, कुळातून घर, घरातून माणूस असं करत त्याला शोधून काढलं, आणि सगळ्या लोकांनी मिळून त्याला दगडमार केला. तेव्हा कुठे देवाचा राग शांत झाला. बाबा गोष्ट फार रंगवून सांगायचे. "छावणीत पाप लपलेलं आहे तोवर देव आपल्याबरोबर चालणार नाही," असं ते तीनदा म्हणाले. त्यांच्या मनात होतं ते देशाचं पाप, दारू, लाच, तेच नेहमीचं. शेवटी त्यांनी असंही सांगितलं की तंबू म्हणजे प्रत्येकाचं अंतःकरण, तिथे प्रत्येकाने खणून पाहावं. पण ते वाक्य एकच होतं आणि गोष्ट अर्धा तास चालली होती. मी बायकांच्या बाजूला बसले होते. समोर जालमदादा ताठ बसलेले, डोळे कोरडे. उंबऱ्यावर खेमीबाई, मांडीवर कुणाचं तरी कण्हणारं पोर घेऊन.

जालमदादा त्या संध्याकाळी भगताकडे गेले, हे नंतर कळलं. बाप्तिस्मा घेऊन त्यांना वीस वर्षं झाली असतील. भगताने दाणे पाहिले आणि सांगितलं, जी प्रत्येक आजारी घरात जाते, जिचं स्वतःचं पोर नाही, ती डाकीण, ती पोरं खाते आहे. त्याने नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

मंगळवारी दुपारी मी ओसरीत भावाला ताक-भात भरवत होते. त्याच्याही अंगावर पुरळ उठून ओसरत आलं होतं. बाबा प्रार्थनाघराच्या पायरीवर कागद घेऊन बसले होते. आधी कुत्री भुंकायला लागली, मग माणसांचा आवाज आला. शब्द नसलेला, मोहोळ उठल्यासारखा. खेमीबाई चालत येत होती. पळत नव्हती, भरभर, पदर आवळून. डोक्यातून रक्ताची एक बारीक रेघ कानापर्यंत आली होती. तिच्या मागे पन्नास-साठ पावलांवर माणसं. त्यांत जालमदादा, त्यांचे दोन मुलगे, मंडळीतले आणखी तीन-चार जण, बायकाही. बाबा उठले. आई आतून धावत आली आणि तिने एका नजरेत सगळं ओळखलं. मला म्हणाली, "रिबू, किल्ली. प्रार्थनाघराची किल्ली दे बाबांना, पळ." मी खुंटीवरची किल्ली काढली, धावत जाऊन बाबांच्या हातात दिली. मग परत ओसरीत भावाजवळ आले.

"बाबा, दार उघडा," खेमीबाई म्हणाली. अगदी साध्या आवाजात, पाणी मागावं तसं.

बाबांनी माणसांकडे पाहिलं. जालमदादा पुढे आले. त्यांच्या हातात काही नव्हतं, एवढं मला नक्की आठवतं. मुलांच्या हातांत होतं. ते म्हणाले, "बाबा, तुम्हीच सांगितलं ना, छावणीतलं पाप शोधा म्हणून? आम्ही शोधलं. आता तुम्ही मध्ये पडू नका."

"जालमदादा, मी असं म्हणालो नव्हतो."

"सगळ्या गावाने ऐकलं. आणि ती आपली आहे का? मंडळीच्या वहीत तिचं नाव आहे का? दाखवा."

बाबांनी वळून बंद दाराकडे पाहिलं. त्या दोन-तीन क्षणांत किती काय घडून गेलं असेल! समोर त्यांची मंडळी उभी होती, बारा वर्षांची मेहनत. आज दार उघडलं तर उद्या या दारात कुणी येणार नाही, हे त्यांना दिसलं असणार. त्यांनी किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. मग समजुतीचा, गोड आवाज काढून म्हणाले, "असं करू या. खेमीबाई, तू थोडे दिवस वर भावाकडे जा. इथलं वातावरण निवळू दे. आणि तुम्ही लोकांनी तिला जाऊ द्या, कुणी हात लावायचा नाही. उद्या आपण बसू, बोलू." हे ऐकून मलासुद्धा हायसं वाटलं होतं. वाटलं, बाबांनी दोन्ही बाजूंचं राखलं. आईच्या तोंडातून मात्र एक आवाज निघाला, चटका बसल्यावर निघतो तसा.

खेमीबाईने बाबांकडे पाहिलं, मग बंद दाराकडे, मग वळली आणि टेकडीच्या पायवाटेला लागली. आई तिच्या मागे निघाली, तर दोन बायकांनी तिला धरलं. माणसं थोडा वेळ उभी राहिली. नंतर जालमदादांचे मुलगे आणि आणखी काही जण त्याच वाटेने गेले. बाबा हाक मारत राहिले, "अरे, जाऊ द्या तिला, जाऊ द्या." पण पायरीवरून खाली उतरले नाहीत.

तिसऱ्या दिवशी लाकडं आणायला गेलेल्या बायकांना ती सापडली. पायवाटेच्या खाली, दगडी ओहळात. तालुक्याच्या ठाण्यातून माणसं आली, पंचनामा झाला. घाट चढताना पाय घसरला, असं गावाने सांगितलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, जणू शाळेतली कविता पाठ केली होती. बाबांनाही विचारलं. ते म्हणाले, "ती भावाकडे जायला निघाली होती." वाक्य खोटं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, उघड खोट्यापेक्षा ते वाईट होतं, कारण त्याखाली बाबांनी सही केली आणि गावाला एका पाळकाचा शब्द मिळाला.

घरात आवाज बंद झाले. आई भाकरी थापायची तीसुद्धा आवाज न करता, हातावरच फिरवून. बाबांच्या पुढ्यात ताट ठेवायची आणि उठून जायची. दुसऱ्या रात्री बाबाच म्हणाले, "बोल काही तरी. मी तिला मारलं का?" आई चुलीसमोर बसली होती. वळून न बघता म्हणाली, "तुम्हाला दिल्लीचं पाप इथून दिसतं. दोन हातांवर ती उभी होती, ती दिसली नाही? माझं पोर त्या बाईने ओढून बाहेर काढलं. त्या दिवशी तिने माझं नाव कुठल्या वहीत आहे का विचारलं नव्हतं." बाबा उठून बाहेर गेले. ताटातली भाकरी तशीच होती. मी ती गाईला घातली.

शनिवारी सकाळी बाबांनी विहिरीची लांब दोरी काढली आणि मला म्हणाले, "चल, एक टोक धरायला कुणी तरी हवं." आम्ही पायवाटेने वर गेलो. ओहळात वाळलेल्या रक्ताचे डाग होते की लाल माती होती, मला आजही सांगता येणार नाही. बाबांनी तिथून दोरीने मोजायला सुरुवात केली. मी टोक धरून उभी राहायची, ते दोरी ताणून पुढे जायचे, दगड ठेवायचे, मग मी तिथे जायची. दोरीमागे दोरी असं आधी खालच्या पाड्यापर्यंत मोजलं. मग परत वर जाऊन जालमदादांच्या घरापर्यंत. मग भगताच्या झोपडीपर्यंत. मग आमच्या प्रार्थनाघरापर्यंत. लोक आपापल्या अंगणातून बघत होते. कुणी विचारलं नाही. दुपार झाली, माझे पाय भाजले. बाबांचा सदरा पाठीला चिकटला होता. शेवटचा दगड ठेवून ते पायरीवर बसले आणि दोरीकडे बघत राहिले. मी विचारलं, "कशाला मोजलं, बाबा?" ते म्हणाले, "उद्या सांगतो. तुला एकटीला सांगायचं धैर्य नाही."

दुसऱ्या दिवशी माणसं कमी होती, पण होती. जालमदादा आले होते. ते एकही रविवार चुकवत नसत. बाबा उभे राहिले तर त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाले, मोशेच्या नियमशास्त्रात एक विधी आहे. रानात कुणाचं प्रेत सापडलं आणि मारणारा कोण ते कळत नसलं, तर वडीलमंडळींनी प्रेतापासून चहूकडच्या गावांचं अंतर मोजायचं. जे गाव सगळ्यांत जवळ, त्याच्या वडिलांनी देवासमोर येऊन उभं राहायचं. मारणारा त्यांच्यातला असो-नसो, मेलेला त्यांचा असो-नसो. जवळ होते म्हणून जबाबदार. "मी काल मोजलं," बाबा म्हणाले. "सगळ्यांत जवळचं दार या घराचं आहे. आपल्या देवाच्या घराचं."

मग त्यांनी आपले दोन्ही तळहात समोर धरले.

"त्या विधीत वडील हात धुतात आणि म्हणतात, आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही. मला हात धुता येत नाहीत. किल्ली या खिशात होती." त्यांनी खिशावर हात ठेवला. "इतकी वर्षं मी तुम्हाला राष्ट्राचं पाप सांगितलं. राष्ट्र म्हणजे कोण? मी समजत होतो, मोठ्या खुर्च्यांवर बसलेली माणसं. देवाने पोरं नेली म्हणून मी न्याय न्याय म्हणून ओरडलो, आणि तुम्हाला एक गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीत तुम्ही एका म्हाताऱ्या बाईला बसवलंत. पोरं गोवराने गेली. पोरं गेली हा देवाचा न्याय नव्हता. न्याय आता सुरू होतो आहे, आणि तो माझ्यापासून. मी तुमचा पाळक राहायला लायक नाही. उद्या मी ठाण्यात जाऊन जे पाहिलं ते सांगणार आहे. सगळं. नावांसकट."

जालमदादा उठले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. ते म्हणाले, "माझी पोरं तुरुंगात जातील, बाबा."

"हो."

"माझी नात गेली. आता पोरंही घालवू?"

बाबा सगळ्यांदेखत रडायला लागले. जालमदादा बाहेर पडले, आणि त्यांच्या मागे एकेक करून जवळजवळ सगळे. शेवटी आत उरलो आम्ही चौघं आणि एक बहिरी म्हातारी, जिला काय चाललंय ते कळलं नव्हतं.

ठाण्यातल्या हवालदाराने बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला. मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होते. "पास्टर, तुम्ही शिकेल माणूस शेतस," तो म्हणत होता. "केस मिटी गयी. आते कसाले उकरतस? गावमा ऱ्हावानं शे ना तुम्हले?" बाबा म्हणाले, "नाही राहायचं. पण लिहून घ्या." दोन तास बसवून शेवटी त्याने लिहून घेतलं. जालमदादांच्या मुलांना नेलं, काही महिने ठेवलं आणि सोडलं, कारण बाबांशिवाय साक्षीला कुणी आलं नाही. बाबांनीही पायवाटेवर पुढे काय झालं ते डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेलं सांगायला ते तयार नव्हते. मंडळीच्या मुख्य कचेरीने बाबांची बदली केली. शब्द बदली असा होता. पुढे त्यांनी उपदेश केला नाही. नवापूरला एका वसतिगृहात भांडारपाल म्हणून राहिले, तांदूळ-डाळ मोजून देत.

मी पुढे नर्स झाले. लशींची पेटी खांद्याला लावून या जिल्ह्यातले किती नाले ओलांडले त्याला गणती नाही. आता निवृत्त होऊन नंदुरबारला मुलाकडे असते. सून मोबाइलवर कुठल्या कुठल्या शहरांतले उपदेश लावून देते. पूर आला, साथ आली, की लगेच कुणी तरी उभा राहतो आणि हा अमक्यांच्या पापाचा दंड म्हणून सांगतो. आमच्यातलेही सांगतात, दुसऱ्या धर्मातलेही. आवाज चांगले असतात. मी ऐकते, आणि दर वेळी शोधते की या माणसाच्या गोष्टीत दगड कुणाला बसणार आहे. देव राष्ट्रांचा न्याय करतो यावर माझा विश्वास आहे. बाबांचाही मरेपर्यंत होता. पण पुढारीपण म्हणजे काय ते मी त्या एका रविवारी पाहिलं, आणि ज्या माणसात पाहिलं त्याला त्यासाठी उशीर झाला होता. या दोन्ही गोष्टी मला बरोबरच आठवतात, वेगळ्या करता येत नाहीत.

गाव सोडण्याआधी बाबा तोरणमाळला गेले. आई म्हणाली, एकटे जाऊ नका, म्हणून मला बरोबर घेतलं. पायथ्यापर्यंत जीप मिळाली, पुढे वळणावळणाचा घाट पायी. वर थंड वारा होता. तळ्याच्या पलीकडे दोन टेकड्या ओलांडून खेमीबाईच्या भावाचं घर. भाऊ दारातच तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. नाक-डोळे थेट तिच्यासारखे. बाबांनी आपण कोण ते सांगितलं आणि उभेच राहिले. त्याने मान वर न करता शेंगा सोलणं चालूच ठेवलं.

मग विचारलं, "ती काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा, दार उघडा."

"किती वेळा?"

"तीन वेळा," बाबा म्हणाले.

मी एकदाच ऐकलं होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते. जवळ उभ्या असलेल्या माणसाला जे ऐकू आलं, ते मला ओसरीतून आलं नव्हतं.

भाऊ उठून आत गेला. आतून बायकोशी बोलल्याचा आवाज आला. आम्ही तसेच उन्हात. थोड्या वेळाने त्याने अंगणात घोंगडी टाकली, हात धुवायला पाणी दिलं आणि मक्याच्या भाकरी, उडदाची डाळ, हिरव्या मिरचीचा ठेचा आणून आमच्यासमोर ठेवला. बाबांनी भाकरी नुसती हातात धरून ठेवली. "खा," तो म्हणाला. "माझ्या दाराशी आलेला माणूस उपाशी जात नाही." आम्ही खाल्लं. तो समोर बसून राहिला, बाबांच्या भाकरीवर लक्ष ठेवून. एक संपली की दुसरी ठेवायचा.

हात धुतल्यावर बाबा म्हणाले, "मी माफी मागायला आलो होतो."

"ते मला कळलं." त्याने शेंगांचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "माझ्याकडे नाही ती. जिच्याकडे होती, ती इथवर पोचली नाही. तुम्ही खरं सांगितलंत, मी ऐकलं. आता निघा, पोर बरोबर आहे, उजेडात घाट उतरा. आणि परत येऊ नका."

घाटाच्या मधल्या वळणावर बाबा एका दगडावर टेकले. खाली तापीकडचा सगळा मुलूख दिसत होता, शेतं, गावं, धूर. मला वाटलं, आता ते डोळे मिटतील, हात पुढे करतील. त्यांनी तसं काही केलं नाही. पाय चोळत बसले, मग म्हणाले, "रिबू, पोटभर जेवलीस ना?"

"हो."

"भाकरी गरम होती," ते म्हणाले, आणि उठून माझ्यापुढे चालू लागले.